पेटीला मोहोर येत नाही

आबा, काल रत्नागिरीला जाऊन टॅक्सचे वकील लावून आलो. स्वतःहून गेलो असं नाही. ज्या आंबेवाल्या व्यापाऱ्याला आपण पेट्या देतो, त्याच्या हिशेबात आपलं नाव सापडलं आणि ऐन मोसमाच्या तोंडावर मला नोटीस आली. आजवर टॅक्स का भरला नाही, कारण लिहून द्या. सुतार पेट्या ठोकतायत, फळ्या संपत आल्यात, पेंढा अजून आलेला नाही, आणि मी तो कागद खिशात घेऊन चार दिवस नुसता हिंडतोय. शेवटी आईच म्हणाली, जा बाबा एकदाचा.

वकील एका जिन्यावरच्या खोलीत बसतात. म्हातारे आहेत, सावकाश वाचतात. मी त्यांना आपलं नेहमीचं सांगितलं, की आंबा म्हणजे शेती, शेतीला टॅक्स नाही, आणि पेटी आंब्याचीच. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मेल्या, आंबा बागवाल्याचा. तू फळ्या घेतोस, खिळे मारतोस नि विकतोस. पेटीला कधी मोहोर येतो काय रे?" टाइप करणारी बाई तोंडावर पदर धरून हसली. मग त्यांनी विचारलं, हे तुझ्या डोक्यात घातलं कोणी? मी म्हटलं, वडील असंच सांगायचे.

सांगायचात खरे. पण तुम्हाला कोणी सांगितलं, ते मला माहीत आहे. ऐंशी साली तुम्ही पावत्यांची पिशवी नि एसटीचे पैसे देऊन मला याच कामाला पाठवलं होतंत. मी तेव्हा वीस वर्षांचा, नववीतून सुटलेला. रत्नागिरी स्टँडवर उतरलो तर समोर जयगडची गाडी सुटत होती. त्यात का चढलो ते आजही सांगता येणार नाही. गाडी सुटताना दिसली की माझे पाय तिकडेच जातात. खाडीच्या तोंडाशी बसून गलबतं बघितली, एका खलाशाने चहा पाजला, त्याचा भाऊ आखातात होता, तिथे म्हणे पाणी विकत घ्यावं लागतं... तर ते असो. परतीच्या गाडीत घरी काय सांगायचं ते जुळवलं. वकील भेटले, म्हणाले आंब्याची पेटी ती शेतीच, काही भरायला नको.

तुम्ही रंधा खाली ठेवलात. "इचारून आलास ता बरा केलास. माज्या जीवाला घोर व्हता." जन्मात मला तुमच्याकडून बरं म्हणून घेतलेलं तेवढंच. एरवी मी म्हणजे पायाला भिंगरी आणि डोक्यात भुसा. त्या दिवशी तुम्ही मला स्वतःच्या ताटातला बांगडा वाढलात. नंतर वाडीत ज्याला त्याला सांगत सुटलात, आमच्या पोराने वकिलाला विचारलंय. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, मी तीन वर्षं कुठे कुठे भटकलो, आईने कारखाना धरून ठेवला, आणि परत आल्यावर मीही तेच सांगायला लागलो. आपणच रचलेली गोष्ट आपल्याला खरी वाटायला फार दिवस लागत नाहीत.

वकिलांनी उत्तर तोंडी सांगितलं, बाईने टाइप केलं. वडील अशिक्षित होते, त्यांचा गैरसमज झाला, मुलाने तोच विश्वासाने पुढे चालवला. वाचून ते म्हणाले, "वडिलांची दानत साफ होती ना? मग घाबरू नकोस. मेलेल्या माणसाच्या चुकीला साहेब लोक जरा नरम असतात." म्हणजे तुमच्यावर ढकललं की कारखाना वाचतो. कागद पुढे सरकवून त्यांनी पुन्हा विचारलं, यात खोटं काही नाही ना. खरं सांगायला तेवढी एक जागा होती. मी सही केली.

आई अजून म्हणते, त्यांनी विचारून घेतलं होतं, ते चुकणारे नव्हेत. म्हणून तुम्हाला लिहिलेले हे कागद घरात ठेवता येणार नाहीत, आणि पाठवायचे तरी कुठे. एकच सांगतो. सही करून जिना उतरलो तेव्हा वाईट वाटेल असं धरून चाललो होतो. वाटलं नाही, आबा. सुटल्यासारखं वाटलं, आणि भूक लागली.