दुसरी सही

प्रिय पालुपी,

तुझा निरोप तीनदा ऐकला. "ताई, करून टाक ना सही, एवढा काय विचार करतेस," असं तू म्हणालीस तेव्हा मागे तू सांभाळतेस त्या आजीबाई खोकत होत्या. त्यांना आलं-हळद उकळून देतेस की नाही? की तिकडे तैवानला, ताइचुंगला गेल्यापासून गोळ्यांवरच विश्वास बसलाय? हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू रडतेस आणि मग मी कशालाही हो म्हणून बसते. म्हणून लिहिते आहे.

आधी इथलं सांगते. आईचा आवाज घेतला होता तो गेम बनवणारा स्टुडिओ आता पूर्वीचा राहिला नाही. एका परदेशी कंपनीनं तो विकत घेतला आणि चार महिन्यांत निम्मी माणसं घरी बसली. चित्रं काढणाऱ्या आठ जणींपैकी दोघी उरल्यात. चित्रं यंत्र काढतं आणि या दोघी त्यातल्या माणसांची बोटं मोजतात, पाचाची सहा तर नाही झाली म्हणून. दान्तो अजून आहे, आईला पहिल्यांदा माइकसमोर बसवणारा. तोच मला सांगत होता, की परदेशात आवाज देणाऱ्या कलाकारांनी महिनोन्महिने संप केला, आमचा आवाज आम्हाला विचारल्याशिवाय यंत्राला द्यायचा नाही म्हणून. आपल्या योग्या शहरात दारोदार जामूचा औषधी काढा विकणाऱ्या बाईसाठी कोण संप करणार?

तू तेव्हा नुकतीच तैवानला गेली होतीस, म्हणून तुला ते दिवस माहीत नाहीत. आई रोज पाठीवर बाटल्यांची टोपली घेऊन स्टुडिओच्या फाटकाशी हाळी द्यायची. त्यांच्या गेममध्ये एक जामूवाली होती आणि तिच्यासाठी आवाज मिळत नव्हता. दान्तो म्हणाला, "मावशी, खाली ओरडता तशाच वर येऊन ओरडा." आई म्हणाली, "आणि माझ्या बाटल्या कोण सांभाळणार, तुझा बाप?" शेवटी बाटल्यांसकट वर गेली. तीन दुपारी काम चाललं. तिला कागद वाचता येत नव्हता, म्हणून मी शेजारी बसून एकेक वाक्य वाचायची आणि ती ते स्वतःच्या तोंडात घोळवून म्हणायची. मधूनमधून सगळ्यांना दामटून कडू काढा पाजायची आणि वर चिंचेचं गोड पाणी द्यायची. ते सगळं बोलणंही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

तिसऱ्या दुपारी एक वाक्य आलं. खेळणाऱ्यानं तिचा पेला फोडून पळ काढला, तर जामूवालीनं त्याला शाप द्यायचा, "तुझं तळपट होवो." आईनं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दान्तो समजावत होता, "मावशी, खोटं आहे हो, खेळ आहे." ती म्हणाली, "मग तूच दे शाप. मी रोज पहाटे वाटताना देवाचं नाव घेते, तेव्हा कुठं ते औषध लोकांना लागतं. हातात जामू आणि तोंडात शाप? उद्या माझ्याकडून कोण पिईल?" मग तीच माइककडे वाकली आणि म्हणाली, "अरे, सावकाश पळ! पोटात हिंदकळेल!" काचेपलीकडची माणसं इतकी हसली, की ते पुन्हा घ्यावं लागलं. पालुपी, ती गेम लोकांनी डोक्यावर घेतली ती या वाक्यामुळे. तुझ्या आजीबाईंच्या नातवालाही ते पाठ होतं, असं तूच सांगितलं होतंस.

आता त्या गेमचा दुसरा भाग येतोय. त्या तीन दुपारींचं रेकॉर्डिंग त्यांनी यंत्राला दिलंय आणि ते आईच्या आवाजात काहीही बोलतं. तुला त्यांनी परवानगीच्या कागदाबरोबर एकच वाक्य पाठवलं, "पालुपी, जेवलीस का गं?" तू सही केलीस. तू तिच्या मातीलाही येऊ शकली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही केली असती. पण मला त्यांनी स्टुडिओत बोलावून बाकीची वाक्यं ऐकवली आणि त्यांत ते होतं. "तुझं तळपट होवो." स्वच्छ, ठणठणीत, आईचाच आवाज. दान्तो खाली बघत होता. म्हणाला, "ताई, वाक्यं आता वरून येतात. मावशी असत्या तर…" मी म्हटलं, "असती तर पेला तुझ्या डोक्यात घातला असता."

एवढ्यावर उठून आले असते तर हे पत्र सोपं झालं असतं. जाता जाता दान्तो म्हणाला, "तुम्हाला काही ऐकायचंय का? इथं लिहा, ती बोलेल." आणि मी लिहिलं. तुला कधी सांगितलं नाही. जाण्याच्या तीन दिवस आधी आई सारखी बडबडत होती, बाटल्या, हळद, तू, पाऊस. मी दमले होते. मी म्हटलं, "जरा गप्प बस गं." ती गप्प बसली. त्यानंतर ती बोललीच नाही, आणि मग झटका आला. मी यंत्रावर लिहिलं, "मी रागावले नाही गं तुझ्यावर." दोन क्षणांत ते म्हणालं. मी चार वेळा ऐकलं. बरं वाटलं, पालुपी, खूप बरं वाटलं, आणि म्हणूनच मी घाबरले. आईची माफी आपल्याला कधी अशी मिळाली का? दिवसभर रुसायची, हळद वाटायला लावायची, कडू पाजायची आणि संध्याकाळी कधीतरी आपणहून बोलायची. ते बोलणं मला या वेळी मिळालं नाही, आणि मी लिहून दिलेलं मला नको आहे. दोघी लेकींच्या सह्या लागतात. शुक्रवारी मी जाऊन नाही म्हणणार आहे. तुझी सही तू परत घ्यावीस म्हणून हे लिहिलं. घेतली नाहीस, तरी मी करणार नाही. मग तू रुसशील. रुस, हवे तितके दिवस रुस. मी वाट बघेन.

तुझीच, हट्टी,
रुमियाती ताई