सासऱ्यासमोर विचारलेला प्रश्न

बाई, बाकीच्या पोरी तुम्हाला मॅडम म्हणायच्या, मी एकटीच बाई म्हणायचे. मराठी शाळेतून आलेली, तोंडाला तेच वळण. पहिल्याच आठवड्यात एक पोरगी मला हसली, तर तुम्ही तिलाच म्हणालात, "हसायलीस कामून? बाईच हाय मी." आता मी कलबुर्गीत नर्सिंगच्या पोरींना शिकवते. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी वर्गात तुमचं नाव निघाल्याशिवाय पहिल्या वर्षाचं माझं शिकवणं सुरू होत न्हाई. काल नव्या पोरींना मन्नाएखेळ्ळीच्या त्या पेशंट बाईची गोष्ट सांगितली. छान रंगवून सांगितली, पोरी माना डोलवायल्या होत्या. पण मी ती नेहमी अर्धीच सांगते, आणि काल घरी आल्यावर मला माझाच राग आला. म्हणून हे लिहायला बसले.

मी बिदरकडच्या मेहकरची. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती, अण्णांनी ती विकून शेती धरली. बिदरला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा अण्णा गावभर सांगत फिरले, "माझी लेक आता सुया देती." बेडपॅनचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही. गावात चुलत्यांनी एकदा विचारलंच, "लोकांची घाण बी काढावी लागती म्हणं?" मी ठणकावून सांगितलं, "ते काम वॉर्डातल्या आयांचं असतंय." आणि पहिले तीन महिने मी तेच खरं करून दाखवलं. ताप बघणं, नाडी मोजणं, अंग पुसणं, सगळं झटपट. बेडपॅनची वेळ आली की मी दुसऱ्या पोरीला म्हणायची, तू तेवढं कर, तुझ्या दोन खाटांच्या चादरी मी घालते. माझ्या चादरी फार सुंदर असायच्या, बाई. तुम्ही एकदा कौतुकही केलं होतं.

मन्नाएखेळ्ळीची ती बाई, रस्त्यावर तिच्या घरच्यांचं चहाचं हॉटेल. सकाळी पाठीत भुलीची सुई देऊन तिचं अपेंडिक्स काढलेलं. उठायचं नाही, मान उचलायची नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तुम्ही राउंडला येता. केसशीटवर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: पेशंट बरी आहे, तक्रार नाही, लघवी झाली. पण तुम्ही कागद हातातच घेत न्हाई. आधी तिच्याकडं बघता. ओठ दाताखाली धरलेला, एक हात चादरीखाली पोटावर, कपाळावर घाम, आणि उशाशी तांब्या काठोकाठ तसाच भरलेला. "पाणी कामून पिलं न्हाईस गं?" तुम्ही विचारता. ती म्हणते, "बरं हाय बाई, सगळं बरं हाय." डोक्याशी स्टुलावर तिचा सासरा बसलेला, धोतर सावरून, भला माणूस. तुम्ही तिच्या बेंबीखाली हात ठेवता, तर लघवी तुंबून पोट टणक झालेलं.

"हिला विचारलं कुणी?"

"मी, बाई."

"कुठं उभी राहून?"

"इथंच."

"हे बसलेले असताना?"

मी मान डोलवली. वॉर्डभर ऐकू जाईल असं तुम्ही कधी बोलायच्या न्हाई, तेव्हाही बोलला न्हाईत. अगदी हळू म्हणालात, "सासऱ्यासमोर सून लघवीचं नाव काढील व्हय गं? तुझी आई काढंल का?"

मग तुम्ही म्हाताऱ्याला म्हणालात, "अप्पा, जरा खाली जाऊन चहा घेऊन या, माझ्यासाठी बी आणा." त्याला वाटलं, मोठ्या बाईंनी आपल्याला काम सांगितलं, खुशीत गेला. पडदा ओढून घेतलात, आणि बेडपॅन माझ्या हातात दिलात. गरम पाण्यानं तो कोमट करायला लावला, पुसायला लावला, तिच्या कमरेखाली सरकवायला लावला. बादलीत तांब्यानं पाण्याची बारीक धार सोडायला सांगितली, आवाज व्हावा म्हणून. तिच्या मांडीवर कोमट पाणी घातलं. तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून शेतीचं, हॉटेलचं विचारत राहिलात. पाच-सात मिनिटं काहीच न्हाई, आणि मग झालं. ती रडायला लागली, ते सुखाचं रडणं होतं. मी बेडपॅन उचलला, मोजलं, ओतलं, धुतला. काही झालं न्हाई मला. हात गळून पडले न्हाईत की जात बाटली न्हाई. अर्ध्या तासानं तुम्ही मला परत पाठवलंत, "जा, पोटाला हात लावून ये." पोट मऊ होतं. ती पाणी पीत होती, घटाघटा.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत मी उभी. खोटं लिहिलं म्हणून मला घरी पाठवायचं ठरत होतं. तुम्ही मध्ये पडलात. "पोरगी खेड्यातली हाय," तुम्ही म्हणालात, "घाईत विचारलं, तिला उमगलं न्हाई. न उमगणारीला शिकवता येतंय. उमगून निघून गेली असती, तर मीच तिची ट्रंक भरून दिली असती." आणि मी राहिले. त्याच दुपारी पुस्तकातले नर्सिंगच्या पायऱ्यांचे पाच मोठाले इंग्रजी शब्द तुम्ही फळ्यावर आपल्या भाषेत लिहिलेत: बघ, ओळख, ठरव, कर, परत बघ. म्हणालात, पहिलं आणि शेवटचं एकच हाय, आणि नेमकं तेच लोक गाळतात.

त्या पाच शब्दांवर मी मस्कतला नोकरी केली, बाई. तिथं ते छापील फॉर्मवर रकान्यांत होते, पोरी भराभर भरायच्या. एक म्हातारी अम्मा, मुलगा सतत खाटेशी, विचारलं की हात छातीवर ठेवून "सगळं ठीक" म्हणायची. मी आधी तिच्याकडं बघितलं, मग मुलाला औषधाच्या खिडकीवर पाठवलं, मग पाठीखाली हात घातला. माकडहाडाशी कातडी लाल झालेली, फुटायच्या बेतात. दर दोन तासांनी कूस बदलली, जखम होऊ दिली न्हाई. आमच्या सुपरवायझरनं विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हणाले, "बिदरला शिकले." काय ताठ मानेनं म्हणाले म्हणून सांगू! लंडनला शिकलेलीही इतक्या तोऱ्यात बोलली नसती. मी चांगली नर्स झाले, हे मी कुणालाही तोंडावर सांगते, त्यात लाज कसली? आणि चुलत्यांना आजारपणात मीच बेडपॅन दिला.

आता राहिलेली अर्धी. त्या दिवशी तीन वाजता मी तिच्याजवळ गेले तेव्हा स्टूल रिकामं होतं. सासरा बाहेर विडी ओढायला गेलेला. तिनं माझ्या एप्रनचं टोक धरलं आणि हळू म्हणाली, "अक्का, मला जायाचंय." मी म्हणाले, "आलेच," आणि गेले. दारातून बघत राहिले. म्हातारा परत येऊन स्टुलावर बसला, तेव्हाच कागद घेऊन आत आले आणि मोठ्यांदा विचारलं, "लघवी झाली का?" ती "झाली" म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिच्यासारख्याच घरातली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि "झाली" म्हणाली. मी लिहून टाकलं.

मला उमगलं होतं, बाई. त्यानंतर तुम्ही होता तोवर तीनदा भेटायला आले, दरवेळी सांगायचं ठरवून, आणि दरवेळी तुमच्या हातचं उप्पीट खाऊन परत गेले. हे पत्र कपाटात ठेवणार आहे. तुम्ही आज असता, तरी मी ते टपालात टाकलं नसतं. इतक्या वर्षांनी बी मला भीती वाटते, की वाचून तुम्ही मला घरी पाठवाल.