आईची डेकची, सध्या बरणीत

दामनजोडी,
९ जून

प्रिय अपा,

थोरली बहीण म्हणून तुझ्या पायांना हात लावून, आणि मान वर न करता, लिहितो आहे. संक्रांतीनंतर माझी एक ओळही नाही, त्याबद्दल माफ कर. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी अजून पंख्याखाली उघडे झोपून मग सर्दीला शिव्या देतात का? आईला नमस्कार सांग. तूर्त एवढंच सांग. (चौकशी मनापासून आहे. पण ती करताना मनात दुसरंच काही होतं, हेही कबूल करायला हवं.)

बाबा गेल्यापासून आईने तांदूळ-गुळाचा पोड पिठा भाजला नाही. यंदा रजपर्वाच्या सणाला इथे येऊन भाजते म्हणाली, पण तिच्याच त्या काळ्या डेकचीत. ती काढून ठेव, असं बजावलं. मी काढली. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र आंब्यांबद्दल असतं. पण डेकचीवरची काजळी बघून वाटलं, म्हातारीच्या हातात भांडं लख्ख द्यावं. (की मला शाबासकी हवी होती? दोन्ही असावं.) मोरीसाठी बाजारातून आणलेला कॉस्टिक सोडा घरात होता. कारखान्यातला नव्हे, तेवढं माझं मन साफ आहे. परसात गरम पाण्यात सोडा घालून डेकची बुडवली. भराभरा फेस आला. मी मीनतीला हाक मारून दाखवलं, बघ, मळ कसा सुटतोय! ती दारातूनच म्हणाली, "अहो, मळ एवढा उकळतो का कधी?" तुला रसायनातलं काय कळतं, असं मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर ते आलं असणार. वर पत्रा झाकून ड्यूटीवर गेलो.

अपा, मी डेकची लोखंडाची समजत होतो. तिचा खरा रंग आपण जन्मात कधी पाहिला का? आणि मी काम काय करतो? लाल बॉक्साइट तापल्या कॉस्टिकमध्ये विरघळवून त्यातून पांढरा अॅल्युमिना काढतात, तो रोज तपासतो. त्याच अॅल्युमिन्याचं पुढे अॅल्युमिनियम होतं. म्हणजे ज्या कुळाच्या जिवावर माझं घर चालतं, त्यातलंच लेकरू मला चुलीवर ओळखू आलं नाही. संध्याकाळी येऊन पाहतो तर बादलीत काळपट पाणी, लोखंडाची एक कडी आणि दोन कान.

(आता उठून बरणी पाहून आलो. जागेवर आहे. मघाशीही होती.)

बरणीचं सांगायचं राहिलं. ते पाणी ओतवेना. त्यात आईची डेकची होती ना! हातमोजे घालून गाळलं, निवू दिलं. पण विरघळलेलं पुन्हा पांढरं होऊन तळाशी बसायला नुसतं निवून भागत नाही, त्याच पांढऱ्याचे जुने दाणे विरजणासारखे टाकावे लागतात. शेजारच्या बिद्याधर खिलोने कारखान्यातून येऊन पांढऱ्या धुळीने भरलेला आपला खिसा बादलीत झटकला आणि म्हणाला, "घ्या बाबू, विरजण. कढी मात्र आम्हाला बोलावून करा." दिवसागणिक तळाशी पांढरं साचत गेलं. ते पुन्हापुन्हा धुऊन, वाळवून बरणीत भरलंय. खिलो म्हणतो, याचं पुन्हा अॅल्युमिनियम करायला भट्टीवाल्यांना विचारा, एका डेकचीपुरती वीज सोडतात का. नाहीतर विटा पाडा, दात घासा, पॉलिश कागद करा. आईचं आम्लपित्ताचं पांढरं औषधही याच जातीचं, असं मी बोलून गेलो, तर म्हणाला, मग हळूहळू आईलाच पाजा, वस्तू घरातच राहील! मी हसलो. मग हसल्याचं वाईट वाटलं. काल मीनतीने तांदळाचं पीठ म्हणून त्यातलं मूठभर परातीत घेतलं होतं.

आईपासून काही लपवायचं नाही, हे मी ठरवलंय. ती आली की दारातच सांगणार.

तुझा,
टुकुना

ता. क. बाबांनी जोडीने घेतलेली दुसरी डेकची, जिच्यात भावोजींनी कोरफड लावलीय, ती चुलीवर चांगली काळी कर आणि ते आईला पोचवायला येतील तेव्हा त्यांच्या पिशवीत गुपचूप पाठव. हे पत्र आईसमोर मोठ्याने वाचू नकोस. (तुझी सवय ठाऊक आहे. हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.)

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच तुझ्या फोनवरून आईचा फोन आला. डेकची काढलीस का, विचारलं. तोंडातून सगळं निघून गेलं. ती म्हणाली, "हात भाजला का रे तुझा?" नाही म्हटलं. "मग अपाची मागव. अन् तिला हात लावशील तर बघ! ते बरणीतलं टाकू नकोस. मी बघणार आहे." तेव्हा वरचं गुपचूप वगैरे रद्द. कोरफड उपटावीच लागेल. हुकूम आईचा आहे, भावोजींना तसंच सांग.

उद्या: बरणीवर चिठ्ठी लावणे. 'आईची डेकची. पीठ नव्हे.'