आबांची मागची रांग

आबा, उद्या मायला सिनेमाला न्यायचं ठरलंय आणि अर्धा तास झाला, मी फोनवर जागा निवडत बसले आहे. आता तिकीट खिडकीपाशी रेटारेटी नसते. अख्खं थिएटर चौकोन चौकोन होऊन हातात येतं, बोट ठेवाल ती खुर्ची तुमची. माझा लेक म्हणतो, मधली रांग घे, पडदा नीट दिसतो. पोराचं खरं आहे, पण माझं बोट सारखं मागच्या रांगेकडं जातं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि या जागांपायी मी तुमच्या मनात घातलेली एक गोष्ट तशीच राहून गेली. ती आज या वहीत लिहून काढून टाकायची आहे.

चितेगावच्या कंपनीत लागण्याआधी आजोबांबरोबर मेंढरांमागं चालण्यात तुमचं अर्धं तरुणपण गेलं होतं. कळप पुढं आणि मेंढपाळ मागं, हा नेम तुम्ही सिनेमातही सोडला नाहीत. सुट्टीच्या रविवारी पैठण रोडनं काळीपिवळीत कोंबून आपण शहरात यायचो. खालच्या वर्गात खुर्च्यांना नंबर नसायचे. दार उघडलं की लोक रुमाल टाकून जागा धरायचे. लोक एका रांगेत धरायचे, तुम्ही दोन रांगांत. पुढं माय, मी आणि दोघी धाकट्या, आणि बरोबर आमच्या पाठीमागं तुम्ही. मध्यंतराच्या जरा आधी अंधारातच एकेकीच्या डोक्याला बोट लागायचं आणि मागून हळू आवाज यायचा, "चार. हायेत समद्या." पडद्यावर नायिका मरणाला टेकलेली असली तरी तुमची मोजणी चुकायची नाही.

अकरावीत मी एकदा मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर सिनेमाला गेले. तिचे वडील तिच्या आणि तिच्या आईच्या मध्ये बसले होते, आणि ती खुशाल त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बघत होती. सिनेमा कोणता होता आठवत नाही, तो खांदा तेवढा आठवतो. पुढच्या खेपेला आपण गेलो तेव्हा माय धाकटीला पाणी पाजायला नळाकडं गेली होती, आणि मी दारातच फणकारले, "आबा, आमी काय मेंढरं हावोत का, मागून हाकायला? मायला लई वाईट वाटतं. नवरा असून तिनं एकटीनंच बसायचं व्हय?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग नळाकडं. "आसं म्हणती का ती?" एवढंच विचारलंत. मी हो म्हणून मान हलवली.

त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आमच्या रांगेत बसलात, मायच्या आणि माझ्या मध्ये. अंग चोरून, दोन्ही हात मांडीवर. सारखी मान वळवून मागं बघत होतात. मध्यंतराची वेळ झाली आणि सवयीनं तुमचं बोट पुढं गेलं ते थेट पुढच्या रांगेतल्या एका टकल्या माणसाच्या डोक्यावर. तो वळून म्हणाला, "क्या चच्चा, गिनती चल रई क्या?" दोन रांगा खदखदून हसल्या. मायनं तर तोंडात पदर कोंबला. त्यानंतर तुम्ही कधी आत आला नाहीत. "तुमी जा, मी हाय हितं," म्हणून सायकल स्टँडपाशी उभे राहायचात. तीन तास, उन्हात. आम्ही बाहेर आलो की मोजायचात. आणि मी एकदाही आत चला म्हटलं नाही, आधी रागापायी आणि मग लाजेपायी.

आत्ता माय शेजारी लसूण सोलत बसली आहे. मघाशी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, आबा मागं बसायचे त्याचं तुला वाईट वाटायचं का गं? ती हसायलाच लागली. "वाईट कशाचं? मला तर डुलकी लागायची. तुझा बाप मागं हाय म्हणून तर झोप यायची. न्हाय तर परक्या जागी बाईमाणसाला झोप येती व्हय?" मग जरा थांबून म्हणाली, "पर मधीच आत यायचं का सोडलं, ते काय मला कळलं नाय. तुला कधी बोलले व्हते का?" लसणाच्या साली गोळा करत मी म्हणाले, "नाही."

म्हणून हे वहीतच राहणार, तिला वाचून दाखवायची माझी छाती नाही. पण तुम्ही ऐका. मायनं कधीच तक्रार केली नव्हती, आबा. मी तिचं नाव पुढं केलं, कारण स्वतःसाठी मागायची मला लाज वाटली. शेजारी तुम्ही मला हवे होतात. आणि त्या दिवशी तुम्ही होतातही, अगदी कोपराला कोपर लागेल एवढे जवळ. लोक हसायला लागले तेव्हा मीच पलीकडं सरकले.