मावशींची पाठ, उष्णतेच्या कॅमेऱ्यात

आई, आज आमच्या केंद्रातल्या मावशींच्या पाठीचा फोटो स्क्रीनवर आला आणि तुला जाऊन चौदा वर्षं झाली हेच क्षणभर विसरले. वाटलं, आधी तुला सांगावं.

चिखलीच्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात महिनाभर एक अभ्यास चाललाय. पेशंटला उचलून, दाबून आमच्याच अंगावर किती ताण येतो, ते उष्णतेच्या कॅमेऱ्यानं पाहायचं. कामाआधी थोडा वेळ गार खोलीत उघड्या पाठीनं बसायचं, मग फोटो. काम संपल्यावर पुन्हा तसंच. यादीत आम्ही चौघं फिजिओथेरपिस्टच. मी विचारलं, पेशंटला खुर्चीतून पलंगावर तर मावशी घेतात, त्या का नाहीत? डॉक्टर म्हणाले, "त्या मदतनीस आहेत." मी अडूनच बसले. हो, मी! शेवटी ते म्हणाले, "बरं, घ्या."

तर मावशीच तयार होईनात. "मले काय झालं बाई? मी काय बिमार आहो?" दार लावून मीच कॅमेरा धरला, तेव्हा कुठं बसल्या. संध्याकाळच्या फोटोत उजवा खांदा आणि कमरेची तीच बाजू लालभडक, डावीकडे सगळं हिरवं-निळं! आमच्यापैकी कुणाचीच पाठ अशी नव्हती. "कॅमेरा दुखणं दाखवत नाही, कातडीची ऊब दाखवतो," डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी मावशींना विचारलं, "इथं दुखतं का?"

"हाव. दोन सालापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनं?"

डॉक्टरांनी तिथंच ठरवून टाकलं. सोमवारपासून पेशंट उचलायला दोघीजणी, आणि सरकवायला एक गुळगुळीत फळीही येतेय. माझे तर पाय जमिनीवर नाहीत.

मेहकरच्या दवाखान्यात तू मावशींचंच काम करायचीस. मी दहावीत होते. फळीवरचा पिठाचा डबा काढायला तुझा हात वर जाईना आणि तू मला हाक मारलीस. मी पुस्तकातून डोकंही न काढता म्हटलं, "रोजरोज काय तुझं नाटक?" तू स्टूल ओढतेस, डाव्या हातानं डबा उतरवतेस आणि भाकरी थापायला बसतेस. पहिली भाकर माझ्याच ताटात.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. कॉलेजात मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझी आई नर्स होती. आज निघताना डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "मावशींचं तुम्हाला सुचलं कसं?"

मी म्हटलं, "असंच, सर."