चार बोटं अलीकडे

रविवार, १२. संध्याकाळ

हरलो. एका धावेने. शी!

शेवटचा चेंडू, बरोबरीला दोन हव्या. आमच्या नवाबाने (मधल्या फळीतला तो ऐटबाज, खरं नाव लिहायलाही आज हात धजत नाही) चेंडू ढकलला, पळाला, वळला, परत पळाला. दोन झाल्या. मी ओरडायला तोंड उघडलं, तर अंपायर खांद्याला बोटं लावून उभा. वन शॉर्ट! पहिली धाव घेताना साहेबांनी बॅट क्रीजला टेकवलीच नाही. चार बोटं अलीकडूनच वळले. रिप्लेमध्ये स्वच्छ दिसलं. तेवढं वाकायला काय कंबर मोडत होती?

बरोबरी झाली असती, तर सुपर ओव्हर आपलीच होती. यात वाद नाही.

हरण्याचं दुःख नाही. किळस आली ती अर्धवटपणाची. सगळं करायचं आणि शेवट टेकवायचा नाही.

काम: डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यात हॉलच्या पडद्यांची मापं घेतली. छतापासून जमिनीपर्यंतच्या खिडक्या. हे पडदे बाईंना आवडले तर वरच्या दोन्ही मजल्यांचं काम आपल्या दुकानाला. बायको कधीची या कामावर डोळा ठेवून आहे. शिडीवर चढून एका हातात मोबाइल, त्यात शेवटची ओव्हर. दुसऱ्या हातात टेप. टेप खाली सोडली, वरचा आकडा वाचला, पाठ केला. हात जरासुद्धा हलला नाही. अनुभव म्हणतात तो हा. खिडक्या सगळ्या सारख्याच, म्हणून एकच मोजली.

सोमवार, १३

संकल्प: क्रिकेट बंद. कायमचं. ॲप काढून टाकलं.

समोरचा किल्लीवाला म्हणाला, जाऊ द्या हो, घाईत होतं असं माणसाकडून. मी विचारलं, तू गिऱ्हाइकाला पाऊण किल्ली कापून देतोस का? तर उगाच विषय बदलून म्हणाला, तुमच्या दुकानाच्या बोर्डाचा एक स्क्रू अजून लावायचाय, वाऱ्याने खडखडतोय, दुपारी डोळा लागत नाही. या देशात मुद्द्यावर कोणी बोलतच नाही.

निवड समितीला खरमरीत पत्र लिहायला घेतलं. दोन पानं झाली. शेवट उद्या.

मंगळवार, १४

बायको कापड कापायला बसली. कात्री हातात घेऊन विचारते, टेप खाली टेकली होती ना? मी आकडा पुन्हा ठणकावून सांगितला. म्हणाली, कापायच्या आधी मी एकदा जाऊन मोजून येऊ का, कापड महागाचं आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास! मी म्हटलं, मी काय नवाब आहे?

कापलं.

ॲप परत घेतलं. फक्त निवड समिती नवाबाला काढते का ते बघायला. मॅच बघणार नाही.

काढला नाही. ओकारी यायची बाकी राहिली.

शुक्रवार, १७

दवाखान्यात पडदे लावले. रंग सुरेख. चुण्या तर बघत राहाव्या अशा. खाली किंचित उजेड दिसत होता.

डॉक्टरीणबाई वाकल्या आणि पडद्याखालच्या फटीत हात घातला. चार बोटं आरामात गेली. मी सांगितलं, नवी इमारत आहे, जमीन खचते. बाई म्हणाल्या, जमीन खचून चार बोटं झाली असती तर त्या स्वतः बाहेर पळाल्या असत्या. मग कापड आटतं हे सांगितलं. बायको हळूच म्हणाली, अजून पाणी लागलं नाहीये त्याला. शेवटी हवा खेळती राहावी म्हणून हल्ली असेच ठेवतात, हेही सांगून पाहिलं. बाई बायकोकडे वळल्या. मला वाटलं, पटलं.

बायको स्वतः शिडीवर चढली. मला म्हणाली, खालचं टोक जमिनीला धरून ठेवा. आकडा वेगळा आला. टेप जुनी झाली आहे. आता नवी आणायलाच हवी.

सगळे पडदे पुन्हा. नवं कापड, पदरचं. घरी येईपर्यंत बायको बोटांवर कापडाचा हिशेब करत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, २२

बायकोने सगळे पडदे नव्याने शिवले. मी मदत करणारच होतो, पण मशीन एकच. तिच्याशेजारी बसून नवाबाचे जुने डाव तपासले. हा माणूस पहिल्यापासूनच असा आहे. पुराव्यासकट तिला समजावून सांगितलं. तिने मशीन जोरात चालवलं.

पडदे लागले. जमिनीला अलगद टेकतात. बाई खूश. वरच्या दोन्ही मजल्यांचं काम मिळालं! मात्र बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, मापं तुम्ही घ्यायची, ताई. मिस्टर शिडी धरतील. मला ऐकू गेलं नाही असं दोघींना वाटलं.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, इथे खोटं कशाला. पण शिडी धरणं हेही जबाबदारीचं काम आहे. संकल्प: अशी शिडी धरायची की बघत राहावं.

तोकडे पडदे वाया कशाला, म्हणून मधोमध कापून आमच्या बैठकीच्या खिडकीला लावले. बायको म्हणाली, आधी मोजून बघा. मी म्हटलं, घरच्या खिडकीला काय मोजायचं, नजरेत आहे.

इथेही खाली थोडा उजेड येतो.

रविवार, २६. संध्याकाळ

वरच्या मजल्याची मापं आज. बायको म्हणाली, मी पुढे होते, वेळेवर या. म्हटलं, हा आलोच. चप्पल पायात घातली होती. टीव्ही बंद करायला म्हणून आत वळलो, तर शेवटची ओव्हर. नवाब खेळत होता. त्याची फजिती बघून लगेच निघायचं ठरवलं.

नेमकं ऊन पडद्याखालच्या फटीतून आत आलं आणि पसरलं थेट टीव्हीवर. काही म्हणता काही दिसेना. शेवटचा चेंडू, दोन हव्यात, एवढं कळलं. डोळ्यांवर हात धरला, आडवा झालो, टीव्हीला नाक लावलं. पांढरंफटक. बाहेर एकच आरडाओरडा झाला. जिंकलो की हरलो, तेही समजेना. शी!

धावत गेलो. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी पोचतो, तर बायको उतरत होती. मागे शिडी खांद्यावर घेऊन किल्लीवाला. तिने वाट पाहून त्याला बोलावलं होतं. म्हणाली, भाऊंनी शिडीही धरली आणि खालचं टोकही. सगळी मापं झाली.

मी म्हटलं, अगं, मी आलोच होतो की, पायऱ्यांपर्यंत. ती म्हणाली, त्या रविवारी तुमचा नवाबही आलाच होता.

किल्लीवाल्याने शिडी भिंतीला टेकवली आणि मोबाइलवर रिप्ले दाखवला. नवाब पोटावर आडवा, हात लांब, बॅट रेषेच्या पार. तोंडभर माती. जिंकलो.

टेप बायकोच्या हातात होती. मी म्हटलं, दे, मी गुंडाळतो.

म्हणाली, गुंडाळून झाली.