जिल्ह्याच्या आत

तामसी, दसऱ्यानंतरचा मंगळवार, दिवेलागण

संतोषचं लायसन आज परत भेटलं. दारू पिऊन टेंपो चालवला म्हणून कोर्टानं काढून घेतलं होतं. आता दिलं ते अर्धंच, दिवसाउजेडी आन् फक्त जिल्ह्याच्या आत चालवाचं. मी चिडवलं, "कोंबडीवानी दिवस बुडाला का खुराड्यात ये बाप्पा!"

जिल्ह्याच्या आतची अट माहीच. पोरगा प्याले हद्द वलांडून पल्याड महाराष्ट्रात जाते. याच्या बापाले दारूनंच नेलं. म्हणून मीच कोर्टातल्या साहेबापुढं हात जोडले, "याले जिल्ह्याबाहेर जाऊ देऊ नका." साहेबानं लिहून टाकलं. केवढी हुशार समजून राह्यली होती मी सोताले!

आज म्हटलं, "चाल, निर्मलहून रेखाले आणू." लेकीचं पयलं बाळंतपण, माहेरीच पाह्यजे. सासू म्हणते, भाऊ घरची गाडी घेऊन आला तरच पाठवीन.

संतोष हसला. "माय, निर्मल आता येगळा जिल्हा झाला न! तूच तं बांधलं मले."

हे मले काऊन नाही सुचलं? निर्मल म्हणजे पयलेसारखं आपल्याच जिल्ह्यातलं, असंच डोक्शात.

"जाऊ का? कोन पाह्यते?" तो म्हणे. पकडला तं लायसन कायमचं जाईन. मी टेंपोची चावी कमरेले खोसली आन् रेखाले फोन केला, गाडी नाही येत म्हणून.

ती रडली नाही. म्हणे, "दादासाठी कोर्टात किती खेपा घातल्या तू. माह्यासाठी जिल्हा आडवा आला का?"

जावयालेही सोडत नाही मी बोलाले. आज लेकीचं ऐकून घेतलं आन् कोर्टाचा कागद काढून तीच अट परत वाचत बसली.